एचबीए कार्ड बसवल्यावर बूट आणि डिस्कची सेटिंग्ज कशी करावीत

पुण्यात लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे स्टुडिओ घ्या, डीटीपीची ऑफिसं घ्या, नाहीतर आर्किटेक्ट. सगळीकडे एकच तक्रार ऐकू येते: हार्ड डिस्क लावायला पोर्ट उरला नाही. मदरबोर्डवरचे चार-सहा सॅटा पोर्ट भरले की टेबलावर यूएसबी डिस्कांची रांग लागते. यावर स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे एचबीए, म्हणजेच होस्ट बस अडॅप्टर. एलएसआय कंपनीचं ९२११-८आय किंवा त्याच जातीचं, सर्व्हरमधून निघालेलं कार्ड सेकंडहँड बाजारात मिळतं आणि एका कार्डाला आठ डिस्क जोडता येतात. कार्ड स्लॉटमध्ये बसवणं सोपं आहे. घोळ होतो तो त्यानंतर. मशीन सुरू होतं पण विंडोज सापडत नाही, किंवा डिस्क दिसतात पण त्यांवरचा डेटा दिसत नाही.

म्हणून कार्ड उघडण्याआधी एक निर्णय घ्या: मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू होणार? माझं मत ठाम आहे. विंडोज किंवा लिनक्स मदरबोर्डच्या स्वतःच्या पोर्टवरच्या एसएसडीवर ठेवा आणि कार्डाकडे फक्त डेटाच्या डिस्क द्या. उद्या कार्ड बिघडलं, केबल सैल झाली, तरी मशीन सुरू होतं आणि नेमकं काय बिनसलं ते बघता येतं. बूटही कार्डावरूनच होत असेल, तर कार्डासोबत सगळंच जातं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा निर्णय धरून लिहिल्या आहेत.

आधीची तयारी

डेटाची एक प्रत दुसरीकडे ठेवा. हे वाक्य लोक वाचून पुढे जातात. कृपया जाऊ नका. मग प्रत्येक डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर कागदावर उतरवा आणि त्यापुढे त्या डिस्कवर काय आहे ते लिहा. डिस्कच्या कडेला छोटी चिठ्ठी चिकटवली तर आणखी चांगलं. कार्डामागे एकसारख्या आठ डिस्क लागल्या की ओळख पटवायला सिरियल नंबरच उपयोगी पडतो, कारण ‘डिस्क १’, ‘डिस्क २’ हे क्रमांक बदलू शकतात.

विंडोजमध्ये बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरला, हात लावण्याआधी तो ‘सस्पेंड’ करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की मशीनच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा. बूटची सेटिंग्ज बदलली की बिटलॉकर ती की मागू शकतो, आणि ती नसेल तर ड्राइव्ह उघडत नाही. शेवटी, सध्याच्या बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कार्ड, केबल आणि हवा

९२११-८आय हे आठ लेनचं (लेन म्हणजे डेटा जाण्या-येण्याची वाट) पीसीआय एक्सप्रेस कार्ड आहे. ते सोळा लेनच्या लांब स्लॉटमध्ये व्यवस्थित चालतं. चारच लेन मिळाल्या तरी हार्ड डिस्कांसाठी वेग पुरतो.

केबल घेताना मात्र नीट विचारा. या कार्डाला दोन एसएफएफ-८०८७ कनेक्टर असतात आणि प्रत्येकाच्या केबलमधून चार सॅटा टोकं निघतात. अशी केबल दोन प्रकारची येते, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला दोन्ही सारख्या, पण कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्डच लागते. रिव्हर्स केबल लावली तर एकही डिस्क दिसणार नाही आणि तुम्ही उगाच सेटिंग्ज चाळत बसाल.

ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार हवेच्या भरवशावर बनवलेली असतात. घरच्या कॅबिनेटमध्ये तेवढी हवा नसते, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हीटसिंकला बोट लावता येत नाही. कार्ड तापलं की चालू कामात डिस्क गायब होऊ शकतात, आणि दोष भलत्याच सेटिंगला दिला जातो. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ४० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा आणा आणि हीटसिंकवर बसवा.

पहिल्यांदा मशीन सुरू करताना कार्ड बसवा, पण डिस्क जोडू नका. विंडोज नेहमीसारखं आलं, तर पुढे जा.

कार्डाचा स्वतःचा बायोस

कार्डाला स्वतःचा छोटा बायोस असतो, त्याला ऑप्शन रॉम म्हणतात. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे लेगसी बूटमध्ये मशीन सुरू होताना एलएसआयचं नाव येतं आणि ‘कंट्रोल-सी दाबा’ अशी ओळ दिसते. त्याच वेळी कंट्रोल आणि सी दाबलं की कार्डाची यादी उघडते. यादीत फर्मवेअरचा, म्हणजे कार्डातल्या सॉफ्टवेअरचा, आकडा बघा. शेवटी ‘आयटी’ असेल तर कार्ड प्रत्येक डिस्क जशीच्या तशी ऑपरेटिंग सिस्टिमला देतं. ‘आयआर’ असेल तर त्यात रेडची, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक करण्याची, सोय असते. झेडएफएस (डिस्क स्वतः सांभाळणारी फाइल सिस्टिम) किंवा त्यावर चालणारी ट्रूनॅस ही स्टोरेज सर्व्हरची सिस्टिम वापरणार असाल तर आयटीच हवं. ते बदलायचं झालं तर या पिढीच्या कार्डांसाठी २०.००.०७.०० ही आवृत्ती घ्या. विसाव्या मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्रासदायक होत्या. फर्मवेअर टाकताना वीज गेली तर कार्ड निकामी होऊ शकतं, म्हणून मशीन यूपीएसवर असू द्या, आणि दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा गुरुवार तर टाळाच.

आता मुख्य सेटिंग. कार्डावर एंटर दाबलं की ‘बूट सपोर्ट’ दिसतं. मूळ स्थितीत ते बायोस आणि ओएस दोन्हींसाठी चालू असतं. यामुळेच लेगसी बूटमध्ये कार्डाच्या डिस्क बूटच्या यादीत घुसतात, कधी थेट वरच्या क्रमांकावर बसतात, आणि बायोस डेटाच्या डिस्कवर विंडोज शोधत राहतो. ते ‘एनेबल्ड ओएस ओन्ली’ करा आणि सेव्ह करून बाहेर या. डिस्क विंडोजमध्ये दिसतीलच, फक्त बूटच्या रांगेतून बाहेर पडतील. शिवाय सुरू होताना कार्ड प्रत्येक डिस्क तपासत बसतं, तो वेळही वाचतो.

याच स्क्रीनमध्ये पुढे डिस्कच्या माहितीत ‘फॉरमॅट’ दिसेल. त्याच्या वाटेला जाऊ नका.

कंट्रोल-सीची ओळ आलीच नाही तर घाबरू नका. कार्डात ऑप्शन रॉम टाकलेलाच नसेल, किंवा मदरबोर्ड शुद्ध यूईएफआयवर, म्हणजे बूटच्या नव्या पद्धतीवर, चालत असेल. दोन्ही बाबतीत डेटाच्या डिस्क ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दिसतात, म्हणजे आपलं काम झालेलंच आहे.

कार्डावरूनच बूट करणं भाग असेल, तर ‘सॅस टोपोलॉजी’च्या (कार्डाला जोडलेल्या डिस्कांच्या यादीच्या) पानावर ती डिस्क निवडून ऑल्ट-बी दाबा. तिच्यासमोर बूटची खूण येते. यूईएफआय मशीनवर मात्र यासाठी कार्डात यूईएफआय रॉम हवाच.

मदरबोर्डचा बायोस

इथे दोन गोष्टी करायच्या आणि एक करायची नाही. बूटच्या क्रमात एसएसडीवरचा ‘विंडोज बूट मॅनेजर’ सगळ्यात वर आणा. मग सीएसएम नावाचा (जुन्या लेगसी बूटची सोय देणारा) विभाग असेल तर त्यात स्टोरेज ऑप्शन रॉमचं सेटिंग शोधा. कुठे ‘यूईएफआय ओन्ली’, कुठे ‘इग्नोर’, कुठे ‘डू नॉट लाँच’ असे पर्याय असतात. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेलं असेल तर लेगसी रॉम बंद करा. मात्र विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीचं असेल आणि तुम्ही सीएसएम बंद केलं, तर ते सुरू होणार नाही. कुठली पद्धत आहे ते विंडोजमधल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’समोर लिहिलेलं असतं, आधी ते बघा.

करायची नाही ती गोष्ट म्हणजे सॅटा मोड बदलणं. एएचसीआयचं रेड किंवा रेडचं एएचसीआय केलं की विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळ्या पडद्यावर थांबतं. या सेटिंगचा तुमच्या कार्डाशी काहीही संबंध नाही, तरी नव्या डिस्क दिसेनात म्हणून लोक तेच फिरवतात. फिरवलं असेल तर फोटोत बघून पूर्वीसारखं करा. मशीन जुनं असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदलून टाका. सेल संपला की सगळी सेटिंग्ज मूळपदावर जातात.

डिस्क फिरायला लागतात तेव्हा

साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर खेचते. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर क्षणभर सुमारे १९० वॅट फक्त डिस्कांनाच लागतात. कार्डाच्या प्रगत सेटिंग्जमध्ये एका वेळी किती डिस्क फिरवायच्या आणि मध्ये किती सेकंद थांबायचं, हे ठरवता येतं. पण त्याचा उपयोग बहुधा सर्व्हरच्या बॅकप्लेनमध्येच (डिस्क थेट खोचायच्या बोर्डात) होतो. साध्या एसएमपीएसच्या (मशीनच्या पॉवर सप्लायच्या) सॅटा पॉवर कनेक्टरमध्ये अकरावी पिन सहसा ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे वीज मिळताच डिस्क फिरायला लागते, कार्डाची वाट बघत नाही. म्हणून एसएमपीएसच दमदार घ्या. आणि मोलेक्सचं (जुन्या चार पिनच्या पॉवर कनेक्टरचं) सॅटा करणारे ओतीव प्लॅस्टिकचे स्वस्त कन्व्हर्टर वापरू नका, ते आतल्या आत जळतात.

नवी डिस्क मुळीच फिरत नसेल तर त्याच सॅटा पॉवर कनेक्टरची तिसरी पिन बघा. काही एंटरप्राइझ डिस्कांमध्ये त्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. मोलेक्सपासून निघणाऱ्या, कनेक्टरला वायर नीट क्रिंप केलेल्या केबलवर अशी डिस्क चालते, कारण तिथे ३.३ व्होल्ट येतच नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये

आता मशीन पूर्ण बंद करून डिस्क एक-एक करून जोडा. विंडोज १० आणि ११ मध्ये या कार्डाचा ड्रायव्हर आधीच असतो. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की एखाद्या डिस्कसाठी ‘इनिशियलाइझ’ करायचं का, असा प्रश्न येऊ शकतो. डिस्क कोरी असेल तरच हो म्हणा, आणि पार्टिशनची नवी पद्धत, जीपीटी, निवडा. एमबीआरमध्ये २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. डिस्कवर जुना डेटा असायला हवा आणि तरी हा प्रश्न आला, तर रद्द करा. ती डिस्क आधी रेड कार्डावर किंवा यूएसबी डब्यात असेल, तर पुन्हा तिथेच लावून डेटा काढून घ्यावा लागतो.

सर्व्हरमधून निघालेल्या सॅस डिस्कचा (सॅस म्हणजे सॅटाची सर्व्हरमधली बहीण) सेक्टर, म्हणजे डेटाचा सगळ्यात छोटा कप्पा, कधी कधी ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो. अशी डिस्क कार्डाला दिसते, पण विंडोजला वापरता येत नाही. लिनक्समधून तिला ५१२ बाइटवर फॉरमॅट करता येतं. त्याला कित्येक तास लागतात आणि डेटा पूर्ण जातो.

लिनक्सवाल्यांनी ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं माउंटच्या फाइलमध्ये लिहू नयेत. पार्टिशनची कायमची ओळख असलेला यूयूआयडी लिहा आणि सोबत ‘नोफेल’ जोडा, म्हणजे एखादी डेटा डिस्क आली नाही तरी मशीन अडून राहणार नाही.

विंडोज नव्याने टाकणार असाल तर त्या वेळी कार्डाच्या सगळ्या डिस्क काढून ठेवा. नाहीतर इन्स्टॉलर बूटचं छोटं पार्टिशन भलत्याच डिस्कवर टाकू शकतो, आणि पुढे ती डिस्क काढली की विंडोज सुरू होत नाही.

राहता राहिला राइट कॅश, म्हणजे डिस्कवर लिहायचा डेटा काही क्षण मेमरीत साठवणं. डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉलिसीज’खाली दोन चौकोन असतात. पहिल्याने कॅश चालू होतो, तो राहू द्या. दुसरा बफर फ्लशिंग, म्हणजे तो साठलेला डेटा वेळोवेळी डिस्कवर उतरवणं, बंद करतो. त्यावर टिक करू नका. वेग थोडा वाढतो, पण वीज गेली की नुकत्या लिहिलेल्या फाइली अर्ध्या राहतात. पावसाळ्यात पहिल्या वाऱ्याला वीज जाते त्या भागात असाल, तर यूपीएसशिवाय आठ डिस्कांचं मशीन चालवूच नका.

सगळं जुळलं की मशीन बंद करा, प्लग काढा, पाच मिनिटांनी सुरू करा. सगळे सिरियल नंबर कागदाशी ताडून बघा. मगच यूएसबी डिस्कांवरचा डेटा हलवायला घ्या, आणि नव्या जागेवरच्या फाइली उघडून बघितल्याशिवाय जुन्या पुसू नका.