दिनकरचा डावा कान आणि मालिकेची वही

माझ्या रहस्यकादंबऱ्यांच्या मालिकेच्या पहिल्या भागात, चौथ्या प्रकरणात, सुरुंग फुटतो आणि दिनकरचा डावा कान कायमचा जातो. तिसऱ्या भागात एका अंधाऱ्या गोदामात याच दिनकरच्या डाव्या कानाशी कुणीतरी एक नाव कुजबुजतं, त्याला ते लख्ख ऐकू येतं आणि तिथून सगळं रहस्य उलगडत जातं. हे मी लिहिलं, दोनदा तपासलं, वर स्वतःवर खूशही झाले. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात एवढंच लिहिलं होतं : "कान कधी बरा झाला?"

पहिला भाग तोवर छापून वाचकांच्या हातात गेला होता. त्यात बदल शक्य नव्हता.

अशा चुका मोठ्यांच्याही झाल्यात. १८८७ सालच्या पहिल्या होम्सकथेत डॉ. वॉटसनला गोळी खांद्यात लागलेली असते, आणि १८९० साली आलेल्या दुसऱ्या कादंबरीत युद्धातली जखम म्हणून त्याचा पाय दुखत असतो. कॉनन डॉयलला ते खपून गेलं. मला खपणार नव्हतं, कारण माझं अख्खं रहस्य त्या कानावर टांगलेलं होतं. त्या दिवशी मी वही घातली.

त्याआधी वही नव्हती असं नाही. मालिका सुरू करण्यापूर्वी मी साठ पानं भरून ठेवली होती : पात्रांच्या आवडीनिवडी, डोळ्यांचे रंग, आजोबांचे व्यवसाय. त्यातलं निम्मं कधी गोष्टीत आलंच नाही, आणि जे आलं ते लिहिताना बदललं. म्हणजे ती वही माझ्याशी खोटं बोलत होती. आता नियम एकच. वहीत आधी काही लिहायचं नाही. प्रकरण पुरं झालं की त्याच दिवशी, त्यात जे पक्कं झालं तेवढंच उतरवायचं, पुढे भाग आणि प्रकरणाचा आकडा टाकून. दिनकरची नोंद अशी दिसते :

दिनकर. डावा कान बंद (१/४). पोहता येत नाही, हे फक्त वसुधाला माहीत (१/११). थोरल्या भावाला नावाने हाक मारतो (२/२). खिशात किल्ल्यांचा जुडगा, कसल्या ते अजून ठरलेलं नाही (२/६).

शेवटचं "अजून ठरलेलं नाही" फार महत्त्वाचं. ते लिहिलं नाही, तर सहा महिन्यांनी आपल्यालाच वाटतं की आपण काहीतरी ठरवलं होतं आणि आता विसरलोय.

मराठीत लिहिणाऱ्यांनी या वहीत आणखी एक पान ठेवावंच : कोण कुणाला "तू" म्हणतं आणि कोण "तुम्ही". माझी वसुधा आणि इनामदार दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात कडाक्याचे भांडतात, आणि त्या भांडणातच "अहो"चं "अरे" होऊन जातं. तिसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर मी त्यांना पुन्हा "तुम्ही"वर नेऊन बसवलं, निव्वळ सवयीने. वाचणाऱ्याला वाटणार, दोन भागांच्या मधे यांचं काहीतरी बिनसलं. मी तीन भाग झाल्यावर हा तक्ता केला, पहिल्याच भागात करायला हवा होता.

काळाचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवा. आडव्या ओळीत गोष्टीतली वर्षं, उभ्या रांगेत पात्रं, आणि प्रत्येकाचं जन्मसाल एकदा भरलं की वयं आपोआप येतात. नायकाचं वय तर पहिल्या भागातच जपून ठरवावं. अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो १९२० साली पहिल्यांदा आला तोच पोलिसातून निवृत्त झालेला, आणि शेवटचा आला १९७५ साली! त्याच शीटमध्ये मी चंद्रही लिहून ठेवते. हसू नका. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस असतात, आणि माझ्या दुसऱ्या भागात पौर्णिमेनंतर अकराव्या दिवशी मध्यरात्री चांदणं पडलेलं आहे. त्या रात्री चंद्र उगवतोच मध्यरात्रीनंतर, आणि पाठलाग त्या चांदण्यातच होतो.

फाइलींबद्दल थोडक्यात. "भाग३_प्र०७_मसुदा२" असं नाव द्या. "अंतिम", "नवीन अंतिम", "हेच घ्या" असली नावं नकोत. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर, मग ती इंटरनेटवर असली तरी चालेल.

आता उत्साहाचं. हे खरं अवघड, कारण पहिला भाग उत्साहावर निघतो, शेवटचा भाग शेवट दिसू लागल्यामुळे निघतो, आणि मधले भाग कशावर निघतात हे कुणी सांगत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, पण अशा कथांत प्रत्येक पुस्तक आपल्यापुरतं पुरं असतं. सलग एकच गोष्ट पाच भागांत सांगणाऱ्याला ती सुटका नाही. तिसऱ्या भागाच्या मध्यावर मागे बघितलं तर दोन वर्षं, पुढे बघितलं तरी दोन वर्षं.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टखात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचा आणि मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. त्याची सहा कादंबऱ्यांची बार्सेटशायर मालिका १८५५ ते १८६७ या काळात आली. मी हे जसंच्या तसं करून पाहिलं आणि चौथ्या दिवशी सोडलं. पाव तासात माझी नव्वदच्या पुढे मजल जात नाही. पण २५० हा आकडा मी ठेवून घेतला, पाव तासाऐवजी दिवसाला. वर्षातले ३०० दिवस जमलं तर ७५,००० शब्द होतात, म्हणजे एक भाग. आदल्या दिवशीचं वाचणंही ठेवलं, फक्त अर्ध्या तासाऐवजी शेवटचं एक पान. त्याहून जास्त वाचलं की मी दुरुस्त्या करत बसते आणि दिवस संपतो.

उठताना मी वाक्य अर्धवट सोडते. प्रकरण संपवून उठायचा मोह फार होतो, पण मग दुसऱ्या दिवशी समोर कोरं पान येतं. "वसुधाने दार उघडलं आणि" एवढ्यावर सोडलं की निदान दाराआड कोण आहे हे लिहायला तरी बसावंच लागतं.

शेवटचा प्रसंग लवकर लिहून टाकावा, या मताची मी झाले आहे. ख्रिस्तीने प्वारोची शेवटची कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून बाजूला ठेवली होती. मी तिसऱ्या भागात अडकले तेव्हा पाचव्याची शेवटची चार पानं लिहिली. कच्ची आहेत, बदलतीलही. पण तेव्हापासून "हे सगळं कशासाठी" हा प्रश्न पडला की ती चार पानं काढून वाचते आणि कामाला लागते.

नायकाचाच कंटाळा आला तर? येतो. डॉयलने वैतागून १८९३ साली होम्सला मारलं आणि १९०३ मध्ये त्याला परत जिवंत करावं लागलं. रागाच्या भरात कुणाला मारू नका. त्या आठवड्यात एखाद्या दुय्यम पात्राची स्वतंत्र लघुकथा लिहा, मालिकेत आली नाही तरी बिघडत नाही. मी इनामदारांच्या तरुणपणावर अशी कथा लिहिली. छापली नाही कुठे, पण ते असे तिरसट का, हे मला त्यातून कळलं.

दोन भागांच्या मधे सुट्टी घ्या, पण सुट्टीची तारीख ठरवून. परत येताना सगळे भाग डोळ्यांनी वाचायला बसू नका, हात शिवशिवतात. मी फोनला मोठ्याने वाचायला लावते आणि ऐकत चालते. यंत्राचा आवाज सपाट असतो, त्यामुळे भाषेची भुरळ पडत नाही आणि घोटाळे ऐकू येतात.

दिनकरच्या कानाचं काय केलं? तीन आठवडे डोकं धरून बसले. गोदामातला प्रसंग काढून पाहिला, कुजबूज उजवीकडे नेऊन पाहिली. उजवीकडे भिंत होती. शेवटी ठरवलं की त्याला ऐकू येत होतंच. सुरुंगानंतर दोन महिन्यांत कान बरा झाला, पण बहिऱ्या बाजूला लोक काय वाटेल ते बोलतात हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो गप्प राहिला. चौथा भाग सगळा त्यावरच उभा आहे. ही युक्ती एका मालिकेत एकदाच चालते, तेव्हा चंद्राचं मी काही करणार नाही.

वहीच्या मागच्या बाजूला "उघडे धागे" म्हणून यादी आहे : वाचकाला दाखवलेल्या, पण अजून न सांगितलेल्या गोष्टी. पाचवा भाग सुरू करताना तिथे अकरा ओळी होत्या, आता चार आहेत. त्यातली एक किल्ल्यांची.