मुलाचा आळशी डोळा: ओळखायचा कसा, पट्टी लावायची कशी

माझी मुलगी साडेचार वर्षांची होईपर्यंत तिला एका डोळ्याने नीट दिसत नाही, हे आम्हाला कळलंच नव्हतं. वेंगुर्ल्याच्या बंदरावर ती लांबची होडी दाखवायची, अंगणातली मुंगी बोटाने उचलायची. हे सगळं ती एकट्या उजव्या डोळ्याने करत होती. आळशी डोळा असाच लपून राहतो. चांगला डोळा दोघांचं काम करतो, आणि नीट दिसणं म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे मूल तक्रारही करत नाही.

खरं तर डोळा आळशी नसतो. लहानपणी मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्याकडून धूसर किंवा सरकलेलं चित्र आलं, की तो ते सोडून देतो आणि दुसऱ्यावर विसंबतो. यामागे बहुधा तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असतो. क्वचित जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली उतरलेली पापणी असते. शंभरात साधारण दोन-तीन मुलांना हा त्रास असतो.

घरी पाहा. मूल शिंपले मांडण्यात रमलं असताना त्याचा एक डोळा तळहाताने अलगद झाका, थोड्या वेळाने दुसरा. एका वेळी ते शांत राहिलं आणि दुसऱ्या वेळी हात ढकलून रडायला लागलं, तर उघड्या राहिलेल्या डोळ्याला कमी दिसत असण्याची शक्यता आहे. मान वाकडी करून टीव्ही बघणं, पायरी चुकणं, याही खुणा. चार महिन्यांनंतरही बाळाचे डोळे वेगवेगळ्या दिशांना जात असतील तर थांबू नका. फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकली तर लगेच दवाखाना गाठा, कारण मागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते.

आमच्याकडे आजी म्हणायची, "तिरळा चेडू नशीबवान असता," म्हणजे तिरळी मुलगी नशीबवान असते. आजीची माया खरी, पण या समजुतीपायी मुलांची मोलाची वर्षं जातात. आणि नंबरात फरक असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रत्येक मुलाचे डोळे एकदा तपासून घ्याच.

तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि डोळ्यांची शंका स्वतःहून सांगा. पुढची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडेच. डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून नंबर काढला पाहिजे. लहान मुलं डोळ्यावर ताण देऊन बघतात, त्यामुळे नुसत्या मशीनवरचा नंबर चुकू शकतो.

आधी चष्मा. उठल्यापासून झोपेपर्यंत. काही मुलांची नजर तीन-चार महिन्यांत नुसत्या चष्म्याने सुधारते. तिरळेपणाचं ऑपरेशन डोळे सरळ करतं, पण आळशी डोळ्याची नजर त्याने आपोआप परत येत नाही.

मग पट्टी, आणि ती चांगल्या डोळ्यावर. खरी मेहनत इथे आहे. नजर मध्यम कमी असेल तर बहुधा दिवसाला 2 तास, फारच कमी असेल तर 6 तास. किती ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने वेळ वाढवू नका, चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते. पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, कातडीला चिकटवा, नाहीतर मूल कडेने बघतं. आपल्याकडे घाम फार, त्यात तोंडाला खोबरेल लावलेलं असलं की पट्टी सुटते. चेहरा धुऊन, कोरडा करून लावा. काढताना मात्र कडेला खोबरेलाचं बोट फिरवा, कातडी ओढली जात नाही.

त्या वेळेत डोळ्याला जवळचं काम द्या. आम्ही तांदूळ निवडले, चित्रं रंगवली, सुरंगीच्या दिवसांत त्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, ओवले. पहिले दहा दिवस ती रडली, मीही रडले. मग रोज संध्याकाळी चारला पट्टी, असं ठरवलं आणि तिच्या बाहुलीलाही पट्टी लावली. पट्टी असताना मुलाला विहीर, जेटी, रस्ता यांच्याजवळ एकटं सोडू नका.

मूल पट्टी मुळीच ठेवत नसेल तर डॉक्टर चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब देतात, त्यांनी तो डोळा धूसर होतो. बऱ्याच मुलांत त्याचा गुण पट्टीइतकाच येतो. थेंब घातल्यावर ऊन सोसत नाही, टोपी हवी. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर विषारी असतं.

सात वर्षांच्या आत गुण लवकर येतो. पण दहा-बारा वर्षांच्या मुलालाही "आता उशीर झाला" म्हणून घरी बसवू नका, बऱ्याच जणांची नजर तेव्हाही सुधारते. पट्टी बंद झाल्यावर सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत नजर पुन्हा उतरते, म्हणून पुढचं वर्षभर तपासण्या चुकवायच्या नाहीत. आमची पुढची तारीख गणपतीनंतरची आहे.