युद्धाआधीची फ्रेंच कोचबिल्ट गाडी ओरिजिनल करायला घेताय? आधी या चुका टाळा

डेलाहे १३५, टॅल्बो-लागो, डेलाज, बुगाटी ५७... या गाड्यांचं रिस्टोरेशन बिघडतं ते दरवेळी पैसे संपले म्हणून नाही, बऱ्याचदा गाडी घाईघाईत खोलली म्हणून. एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीत पूर्ण बनतच नव्हत्या. डेलाहे पॅरिसच्या फॅक्टरीत चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स तयार करायची आणि मग ती उघडी चॅसी फिगोनी ए फालाशीकडे, शाप्रोंकडे नाहीतर सौचिककडे जायची, तिथे गिऱ्हाईकाच्या मर्जीप्रमाणे बॉडी हाताने ठोकून बनायची. त्यामुळे कंपनीचं मॅन्युअल हाती लागलं तरी मडगार्डचा गोलवा, दाराचं हँडल, सीटची शिवण यातलं त्यात काही सापडणार नाही. ते सगळं फक्त त्या एका गाडीच्या अंगावर असतं, आणि लोक नेमकं तेच पहिल्या आठवड्यात भंगारात देतात.

कुठल्या तारखेचं ओरिजिनल?

हे न ठरवता काम सुरू करणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. गाडी पहिल्या मालकाला मिळाली तेव्हाची करायची, का एखाद्या कोंकूरला (गाड्यांच्या सौंदर्यस्पर्धेला) उभी होती तेव्हाची, का युद्धानंतर कुणीतरी पुढचे दिवे बदलले तेव्हाची? व्हिक्टर रॉथशिल्ड या इंग्रज श्रीमंताची बुगाटी ५७ अटलांटिक १९३६ साली निघाली तेव्हा तिला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) नव्हता, तो नंतर बसला. मग तो काढायचा का ठेवायचा? दोन्ही बाजूंनी भांडता येतं, पण भांडण काम सुरू व्हायच्या आधी झालेलं बरं.

दिव्यांचंही तेच. फ्रान्समध्ये पिवळे हेडलाइट नव्या गाड्यांना १९३७ पासून सक्तीचे झाले आणि १९३९ पासून सगळ्यांनाच. म्हणजे फ्रान्समध्येच विकल्या गेलेल्या १९३८ च्या गाडीला चकचकीत पांढरा उजेड दिला तर ते चूक, आणि १९३५ च्या गाडीवर पिवळे दिसले तर ते बहुतेक नंतरचे. आणि स्टिअरिंग उजवीकडे आहे म्हणून "ही इंग्लंडला नाहीतर आपल्याकडे पाठवायला बनवलेली" असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका, त्या काळातल्या भारी फ्रेंच गाड्या फ्रान्समध्येसुद्धा उजव्या स्टिअरिंगच्याच असायच्या.

इंजिनातही हाच मोह होतो. डेलाहे १३५ एम एका सोलेक्स कार्ब्युरेटरवर पण यायची आणि तीनवर पण. तुमची गाडी एकवाली असेल तर तीन लावून ती जास्त ओरिजिनल होत नाही, फक्त जास्त पेट्रोल पिते.

बहिणीचा चेहरा हिला लावू नका

फोटो पुरेसे मिळाले नाहीत की लोक दुसऱ्या गाडीवरून नक्कल करतात. टॅल्बो-लागो टी१५०-सी एसएसच्या फिगोनीवाल्या त्या थेंबासारख्या बॉडीचे दोन प्रकार होते, एकाला न्यूयॉर्क म्हणतात आणि दुसऱ्याला ज्याँकार, मागची ठेवण वेगळी. एकाची काच आणि दुसऱ्याची शेपूट घेतली तर अशी गाडी तयार होते जी कधी जन्मालाच आली नव्हती. एकाच गाडीच्या दोन बाजूंचंही असंच आहे बरं का, डावं मडगार्ड आणि उजवं मडगार्ड हाताने बनलेलं असल्यामुळे काही मिलिमीटरचा फरक असतोच, आता स्कॅन करून एका बाजूची आरशात दिसावी तशी उलटी नक्कल दुसऱ्या बाजूला लावायची फॅशन आहे पण त्यात कारागिराचा हात पुसला जातो.

लाकूड आणि पत्रा

पत्र्याच्या आत अॅश या युरोपातल्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा असतो. अॅश वाकतं, धक्का सहन करतं. आपल्याकडे सुताराला सांगितलं तर तो सागवानच काढणार, सागवान टिकाऊ आहे पण अॅशसारखं लवचिक नाही. त्याहून वाईट म्हणजे सगळे सांधे इपॉक्सीने दगडासारखे करून टाकणं, मग चॅसी पिळली गेली की ताण दुसरीकडे जातो आणि पत्र्याला नको तिथे तडे जातात. कुजलेली जुनी लाकडं फेकू नका, नवीन कापायचं माप त्यांच्यावरूनच मिळतं. अॅल्युमिनियमचा पत्रा थेट लोखंडी पट्टीवर ठोकला तर ओलाव्याने तो खालून खाल्ला जातो, मध्ये कापड किंवा फेल्टचा थर हवाच.

दारं बसत नाहीत ही तक्रार तर हमखास. कारण साधं असतं, बॉडी स्टँडवर ठेवून दारं जुळवलेली असतात. गाडी स्वतःच्या चाकांवर, इंजिन आणि गिअरबॉक्स बसवून उभी करा आणि मग बिजागरीला हात लावा, पेंट त्यानंतर.

पेंटबद्दल थोडक्यात: काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग ठरवू नका. त्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा दिसतो आणि निळा फिका. डॅशबोर्डखाली, दाराच्या आतल्या पॅनेलमागे, काचेच्या फ्रेमखाली हळू घासत जा, थर दिसतील, प्रायमरवरचा सगळ्यात आतला रंगाचा थर बघा. आणि व्हाइटवॉल (बाजूला पांढरा पट्टा असलेले) टायर जुन्या फोटोत दिसत नसतील तर लावू नका, कितीही गोड दिसले तरी.

चालवताना येणारी दुखणी

डेलाहेमध्ये बऱ्याचदा कोताल गिअरबॉक्स असतो, विजेच्या चुंबकांवर चालणारा, स्टिअरिंगजवळ छोटीशी काडी. गिअर सटकायला लागला की मेकॅनिक आधी गिअरबॉक्स खोलतो. खोलू नका. आधी व्होल्टेज मोजा. रात्री दिवे लावल्यावरच सटकत असेल तर डायनमो, बॅटरी, अर्थिंग बघा. एकच गिअर गायब असेल तर त्या चुंबकाची वायर, कनेक्शन, जिथे ब्रश आहेत तिथे ब्रश. यात घट्ट ईपी (जास्त दाबासाठीचं) गिअर ऑइल ओतणं म्हणजे मुद्दाम बिघडवणं, त्यातली रसायनं तांब्या-पितळेच्या भागांना लागतात. टॅल्बोत विल्सनचा प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स असतो, गिअर आधी निवडून ठेवायचा आणि पेडल दाबल्यावर तो लागतो, तिथे पेडल पूर्ण खाली दाबायचं, अर्धवट दाबलं तर ते उलटं येऊन पायाला जोरात लागतं.

केबलवर चालणारे ब्रेक एका बाजूला ओढत असतील तर केबल आवळत बसू नका. आधी चाकं उचलून ड्रममधले शूज नीट अॅडजस्ट करा, केबल सगळ्यात शेवटी. केबल आवळून शूजची झीज झाकली की चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. वैतागून हायड्रॉलिक ब्रेक बसवणारेही आहेत, बसवा, पण मग "ओरिजिनल स्पेसिफिकेशन" हे शब्द वापरू नका.

आणि काही गाड्यांना हातच लावायचा नसतो. माज्जोरे तलावाच्या स्वित्झर्लंडकडच्या भागातून २००९ साली वर काढलेली बुगाटी ब्रेशिया तशीच गंजलेल्या अवस्थेत म्युझियममध्ये ठेवली, आणि ते बरोबरच केलं. तुमच्या गाडीचं मूळ चामडं फाटलेलं पण जागेवर असेल तर आधी ते टिकवता येतंय का बघा. बदललंच तर जुना तुकडा लेबल लावून डब्यात ठेवा, आणि नवीन लाकडावर, नवीन पत्र्यावर आतल्या बाजूला वर्ष ठोकून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला जुनं कुठलं आणि आपलं कुठलं ते शोधत बसावं लागणार नाही.