की-बोर्डची बटणं घरी रंगवायची तर

फोंड्यात मी डीटीपीचं काम करते. जत्रांचे दिवस आले की नाटकांच्या हँडबिलांचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं. शिफ्ट, कंट्रोल, एन्टर वेगळ्या रंगाचे असले की नजर चटकन तिथे जाते, आणि दिवसभर ज्यांवर बोटं असतात ती बटणं देखणी असावीत असं मला मनापासून वाटतं.

आधी प्लास्टिक ओळखा. बटणं बहुधा एबीएस किंवा पीबीटी या दोन प्लास्टिकपैकी एकाची असतात. पीबीटी पॉलिएस्टरच्याच कुळातलं, म्हणून पॉलिएस्टरचा रंग त्यात मुरतो. एबीएस उकळत्या पाण्याच्या आसपास मऊ पडतं, वाकडं होतं. त्याच्या वाटेला जाऊ नका. पारख सोपी आहे: पेलाभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला (मिठागराचं जाडं मीठ चालतं) आणि की-बोर्डावरून काढलेलं बटण त्यात सोडा. पोकळ बाजू वर ठेवून आतली हवा पूर्ण काढा, बुडबुडा अडकला तर कुठलंही बटण तरंगेल. हवा काढूनही वर आलं तर एबीएस, तळाशी गेलं तर पीबीटी.

सुती कपड्यांचा रंग इथे कामाचा नाही, तो धुतला की निघून जातो. सिंथेटिक कापडाचा, म्हणजे डिस्पर्स जातीचा रंग हवा. रिट या ब्रँडचा 'डायमोर' त्यातलाच. रंग फक्त गडद होऊ शकतो, फिका नाही. म्हणून पांढरी बटणं उत्तम. पिवळसर बटणावर निळा चढवलात तर हिरवट झाक येणारच.

बटणं साबणाने धुवा, तेलकट बोटांचे डाग राहिले तर रंग सारखा बसत नाही. जुना स्टीलचा टोप घ्या, तो पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. पाण्यात रंग आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाला. पाणी ८० ते ९० अंशांवर, कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की आच मंद. खिडकी उघडी, हातात मोजे. मग बटणं सोडा आणि ढवळणं थांबवू नका, तळाशी टेकलेल्या बाजूला डाग पडतो.

माझा लाडका जांभळा भिरंडाच्या आगळासारखा (कोकमाच्या रसासारखा) दिसतो, पण टोपातल्या पाण्यावरून काही कळत नाही. पाच मिनिटांनी एक बटण चिमट्याने काढा, थंड पाण्यात धुवा, पुसा आणि दारात उजेडाला धरून बघा. गडद हवं तर अर्धा तासही ठेवता येतं.

नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. आतल्या दांड्याच्या खाचेत पाणी अडकतं. ते झटकून, पंख्याखाली रात्रभर वाळवा. पावसाळ्यात आणखी एक दिवस द्या. उरलेलं रंगाचं पाणी विहिरीजवळ ओतू नका.

स्पेसबार मात्र वेगळा तपासा. लांब तुकडा पीबीटीत सरळ उतरवणं अवघड, म्हणून पीबीटीच्या संचातही तो कधी कधी एबीएसचा असतो. तसा निघाला तर पांढराच ठेवा, जांभळ्यांच्या मधे तो छान दिसतो.