शुगरची नवी गोळी लागू पडतेय का? निकाल लावताना या चुका टाळा

मार्चच्या शेवटी डॉक्टरांनी आईच्या मेटफॉर्मिनच्या जोडीला डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केलं. चौथ्या दिवशी सकाळी मशीनवर आकडा आला २६८. "ह्या गोळीनं काय फरक पडंना बघ, आपली जुनीच बरी होती," म्हणत तिनं पाकीट बाजूला सारलं. तेवढ्यात ओट्यावर नातवाच्या डब्यासाठी सोललेलं डाळिंब दिसलं. बोटं रसानं चिकट झालेली. तिला साबणानं हात धुवायला लावले, कोरडे पुसले, दुसऱ्या बोटातून थेंब काढला. १४९! पाच मिनिटांत ११९ चा फरक, आणि त्यात गोळीचा काडीचाही संबंध नव्हता.

सोलापुरात डाळिंब, द्राक्षं घरात असतातच. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं तो रस नीट निघेलच असं नाही. हात धुवायचेच.

दुसरी गोष्ट स्ट्रिपची, म्हणजे रक्ताचा थेंब लावायच्या पट्टीची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि डबी खिडकीत नाहीतर गॅसजवळच्या फळीवर पडलेली असते. बहुतेक स्ट्रिपच्या डबीवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, झाकण घट्ट लावून ठेवा; माठाशेजारी नको, फ्रिजमध्येही नको, ओल लागते. मशीन बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त देताना त्याच मिनिटाला बोटातूनही तपासा. १५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर मशीन ठीक समजायचं.

चार दिवसांत निकाल लावू नका

सगळ्या गोळ्यांची चाल एक नसते. ग्लिमेपिराइड पहिल्या दिवसापासून साखर खाली आणते. डॅपाग्लिफ्लोझिनचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो. मेटफॉर्मिन पोटाला सोसावी म्हणून डोस हळूहळू वाढवतात, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. पायोग्लिटाझोनला तर दोन-तीन महिने लागू शकतात. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या: ही गोळी कधीपासून दिसायला लागेल आणि कुठली साखर कमी करेल, उपाशीपोटीची की जेवणानंतरची? सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारख्या गोळ्यांचा जोर जेवणानंतरच्या साखरेवर जास्त असतो. फक्त सकाळची शुगर बघत बसलात, तर चांगली चाललेली गोळीही निकामी वाटेल.

आम्हाला सर्वांत उपयोगी पडली ती जोडीनं तपासण्याची पद्धत. रोज उठसूट टोचण्यापेक्षा एकच जेवण धरायचं. आमच्याकडे ते दुपारचं: दोन ज्वारीच्या भाकरी, भाजी, शेंगाचटणी. जेवणाआधी एक आकडा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरा. ताट उचलल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून. जुन्या गोळीवर आईची १५२ ची २७१ व्हायची, म्हणजे ११९ ची वाढ. नव्या गोळीच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच ताटावर १३८ ची १९६, वाढ ५८. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य असतं. म्हणजे आई अजून तिथं पोचली नव्हती, पण गोळी काम करत होती हे उघड होतं. भाकरीनं शुगर वाढत नाही असं समजून एका दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी चार खाल्ल्या तर हा हिशेबच लागत नाही. ज्वारीतही पिष्ट आहेच.

एकादशीचा दिवस तुलनेला धरूच नका. साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर साखर चढते. ग्लिमेपिराइड घेऊन निर्जळी केली तर ती धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून उपवासाआधी डॉक्टरांना विचारायचंच. थरथर, घाम, ७० च्या खाली आकडा आला की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. नवी गोळी साखर नको तितकी खाली नेतेय का, हेही बघायचं असतं.

तपासणीच्या दिवशीचा घोळ

आदल्या रात्री जेवण टाळायचं, गोड सोडायचं आणि सकाळी गोळीही न घेता लॅबला जायचं, हे मी घरोघरी पाहते. उपाशीपोटी रक्त दिल्यावर नाश्ता आणि गोळी नेहमीसारखी घ्या, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. नाहीतर जेवणानंतरचा रिपोर्ट गोळीविना साखर किती तेच सांगतो.

डॅपाग्लिफ्लोझिनवर असताना लघवीच्या रिपोर्टात साखर भरपूर दिसणार. घाबरू नका, साखर लघवीवाटे बाहेर टाकणं हेच तिचं काम. मात्र उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर मशीनवरचा आकडा साधा दिसला तरी लगेच दवाखाना गाठा. आकडा सलग ३०० च्या वर राहिला तरी वाट बघत बसायचं नाही, दवाखान्यात जायचं. आणि स्वतःच्या मनानं डोस दुप्पट करायचा नाही.

खरा निकाल एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीचा. ८ म्हणजे सरासरी साधारण १८३, ७ म्हणजे १५४. बहुतेकांना ७ च्या खाली सांगतात, वयस्कर माणसांना थोडी सूट असते. ही तपासणी महिन्याभरात केली तर जुन्या गोळीचे दिवसही त्यात मिसळतात. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच चढा दिसतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी त्यावर विसंबता येत नाही. हे डॉक्टरांना आधीच सांगा.

जूनअखेर आईची ८.६ वरून ७.४ झाली होती. डॉक्टरांनी आमची आकड्यांची वही चाळली आणि त्यांचं बोट रात्रीच्या रकान्यावर थांबलं. दुपारचे आकडे उतरले होते, रात्रीचे अजून २१०-२२०. दुकान बंद करून आम्ही साडेदहाला जेवायचो, आणि आई आमच्यासाठी थांबायची. गोळी तीच ठेवली. आता तिचं ताट आठला वाढतो.