टूरिंग कारचा पहिला सेटअप: आधी काय तपासायचं, कशाला हात लावायचा नाही

रिमोट कंट्रोल (आरसी) गाड्यांच्या रेसिंगला नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा स्प्रिंगचा असतो: मऊ लावू की कडक? मी म्हणतो, आधी शॉकच (स्प्रिंग ज्यावर बसते तो धक्काशोषक) सोडवा. मग एकेक आर्म (चाक धरणारा दांडा) हाताने वर उचला आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. मध्येच अडकत असेल तर बॉलकप (लिंकच्या टोकाचा सांधा) घट्ट आहे, नाहीतर हिंज पिन (आर्म जिच्यावर फिरतो ती सळई) वाकली आहे. ते नीट होईपर्यंत कुठल्याही स्प्रिंगचा गुण-दोष कळणार नाही.

मी बोलतोय ते १/१० प्रमाणाच्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल: १९० मिमी रुंद, फोर-व्हील ड्राइव्ह, दोन सेलची ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. निवडीची मुभा असेल तर २१.५ टर्न (तारेचे वेढे) मोटरचा वर्ग घ्या. टर्न जास्त तितकी मोटर संथ, आणि रेसिंग लाइन संथ गाडीवरच शिकता येते. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) 'ब्लिंकी'वर, म्हणजे वेग वाढवणारं इलेक्ट्रॉनिक टायमिंग शून्य.

सर्वोचा (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) हॉर्न, म्हणजे तिच्यावरचा छोटा दांडा, बसवताना रेडिओ आणि गाडी दोन्ही चालू हवेत, ट्रिम (रेडिओवरची स्टिअरिंगची बारीक दुरुस्ती) शून्यावर. गाडी सरळ जात नाही म्हणून ट्रिम फिरवत बसण्यापेक्षा स्टिअरिंग लिंकची लांबी जुळवा. मग चाकं दोन्हीकडे सारखी वळतील असे एंडपॉइंट (वळण्याच्या टोकाच्या मर्यादा) ठेवा. टोकाला सर्वो घुंई करत असेल तर थोडं मागे या.

आता ट्वीक, म्हणजे चेसिसला आलेला पीळ. 'डावीकडे छान वळते, उजवीकडे मागून सुटते' ही तक्रार पिटमध्ये सतत ऐकू येते, आणि लोक लगेच कॅम्बरला (चाकाच्या उभ्या कलाला) हात घालतात. खरं तर गाडी डुगडुगणाऱ्या चौरंगासारखी झालेली असते: भार चारही चाकांवर सारखा बसतच नाही. अँटी-रोल बार (डावी-उजवी बाजू जोडणारी, गाडीचा कल रोखणारी तार) सोडवा, गाडी काचेवर ठेवा आणि पुढून चेसिसच्या बरोबर मध्यरेषेखाली पातळ स्क्रूड्रायव्हर घालून हळू उचला. दोन्ही चाकं एकदम सुटायला हवीत. मागूनही तेच करा. एखादं चाक आधी सुटलं, तर पहिल्यांदा व्हर्नियरने शॉकची लांबी बघा. पुढची जोडी आपसात सारखी, मागचीही. मग अप्पर डेकचे (चेसिसच्या वरच्या पट्टीचे) स्क्रू ढिले करून, चेसिस काचेवर दाबून धरून ते पुन्हा आवळा. स्प्रिंगच्या कॉलरची (तिचा ताण बदलणाऱ्या कडीची) पाळी सगळ्यात शेवटी. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला तरी महागड्या पार्टपेक्षा यातूनच जास्त फरक दिसला आहे.

बाकीचे आकडे पटकन. राइड हाइट (चेसिसची जमिनीपासूनची उंची) चारही बाजूंना ५.५ मिमी, तीही टायर आणि बॅटरी लावून मोजलेली. टायर झिजले की पुन्हा मोजा. कॅम्बर उणे १.५ ते २ अंश. पुढचा टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कोन) शून्य. मागचा टो-इन २.५ ते ३ अंश, तो किटमध्ये बहुधा ठरलेलाच येतो. रोल सेंटरच्या (गाडी ज्या बिंदूभोवती कलते त्याच्या) शिमना, म्हणजे पातळ चकत्यांना, सध्या हात लावू नका, शेजारच्या टेबलवरच्या तज्ज्ञाने कितीही आग्रह केला तरी.

गिअरिंगचा हिशोब सोपा: स्पर (मोठं गिअर) भागिले पिनियन (मोटरवरचं लहान गिअर), गुणिले गाडीचा अंतर्गत रेशो. स्पर ९६, पिनियन ४०, अंतर्गत १.९, तर ४.५६. क्लबमध्ये तुमच्या वर्गात चालणाऱ्या पिनियनपेक्षा एक-दोन दात लहान पिनियनने सुरुवात करा आणि गाडी थांबताच मोटरचं तापमान घ्या. ८० अंश सेल्सियसच्या जवळ जात असेल तर पिनियन आणखी लहान. सरळ पट्ट्यावर कमी पडतेय म्हणून मोठा पिनियन लावायचा मोह होतो, पण आधी कोपऱ्यातून बाहेर पडतानाचा थ्रॉटल सुधारतो का ते बघा.

लायपो चार्ज होत असताना टेबल सोडून जाऊ नका, आणि घरी ठेवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

आपली फेरी संपली की पुढच्या फेरीला मार्शल (ट्रॅकवर उलटलेल्या गाड्या सरळ करणारा) म्हणून उभं राहायचं असतं. ट्रान्समीटर ठेवा, पण टेबलवर रमू नका, थेट आपल्या जागेवर जा. येणाऱ्या गाड्या बघूनच ट्रॅकवर पाऊल टाका आणि उलटलेली गाडी उचलताना बोटं चाकांपासून लांब ठेवा. ड्रायव्हरचं बोट ट्रिगरवरच असतं.