चाकाला स्पेसर लावायचाय? आधी एवढं तपासा

थार, जिम्नी किंवा जुन्या जिप्सीला मूळ मापापेक्षा रुंद टायर घातला की बऱ्याचदा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो आतल्या बाजूला घासायला लागतो. जळगाव-धुळ्याकडे मग सल्ला ठरलेला असतो: "भाऊ, तीस एमएमचे स्पेसर टाकून घ्या, गाडी रुंद बी दिसेल." स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती; तिने चाक बाहेर सरकतं. माझं मत आधीच सांगतो. रोज हायवेवर धावणाऱ्या, घरच्यांना घेऊन फिरणाऱ्या गाडीला स्पेसर लावू नका. तरीही विचार पक्का असेल, तर पुढच्या क्रमाने जा.

१. नेमकं काय घासतंय ते बघा

टायरच्या आतल्या कडेला खडूने पट्टा मारा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी पुढे-मागे घ्या आणि खडू कुठे उमटला ते पाहा. चेसिसला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला लागत असेल तर चाक बाहेर सरकवून फरक पडेल. पण मडगार्डला किंवा पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला लागत असेल, तर स्पेसरने त्रास वाढेल. तिथे टायरचं मापच चुकलंय. पुष्कळदा मूळ मापाचा टायर परत घालणं हाच स्वस्त उपाय निघतो.

२. ऑफसेटचं गणित मांडा

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मि.मी.मध्ये; ते जितकं कमी तितकं चाक बाहेर. समजा अलॉय चाकाचा ऑफसेट +२० आहे. त्याला ३० मि.मी.चा स्पेसर लावला की तो उणे १० होतो आणि दोन्ही बाजू मिळून ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ६० मि.मी.ने वाढतो. गाडीचा भार बेअरिंगपासून बाहेर सरकतो, म्हणून बेअरिंग लवकर आवाज करायला लागतं. खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंगला झटकाही जास्त बसतो.

हेच अंतर योग्य ऑफसेटच्या नव्या चाकानेही मिळतं. बेअरिंगवरचा ताण आणि कायद्याचा प्रश्न तेव्हाही राहतो, पण हब आणि चाक यांच्यात नटांचा आणखी एक जोड येत नाही. बदल करायचाच असेल तर मी चाक बदलेन.

३. कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "सगळेच लावतात, कोणी विचारत नाही" हे दुकानात ऐकायला बरं वाटतं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मात्र विचारतो. न कळवलेल्या बदलावरून दावा अडू शकतो. म्हणून आधी तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, उत्तर लेखी घ्या.

टायर मडगार्डच्या बाहेर आला तर मुंबई-आग्रा रस्त्यावर मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर खडी उडते, हेही लक्षात असू द्या.

४. वस्तू पारखून घ्या

नुसती चकती हबच्या मूळ स्टडवर (नट बसतो त्या बोल्टवर) सरकवायचा प्रकार मला अजिबात पसंत नाही, कारण चकतीच्या जाडीएवढा आटा नटाला कमी पडतो. ढोबळ हिशेब असा: स्टडच्या व्यासाएवढा तरी आटा नटात गेला पाहिजे. एम१२ (१२ मि.मी. व्यास) आणि १.२५ पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर, मि.मी.) स्टडवर नट हाताने साधारण दहा फेरे फिरला पाहिजे, १.५ पिचला आठ. फेरे मोजा.

बोल्टचा स्पेसर (जो हबला नटांनी आवळतात आणि ज्याच्या स्वतःच्या स्टडवर चाक बसतं) घेताना पीसीडी (नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) आणि मधलं भोक दोन्ही जुळवा. जिम्नी-जिप्सीचा पीसीडी ५×१३९.७, फॉर्च्युनरचा ६×१३९.७. आकडा सारखा दिसला तरी नटांची संख्या आणि मधलं भोक वेगळं असतं. भोक हबवर घट्ट बसणारंच हवं. लेथवर घरगुती कापून आणलेला किंवा ओतीव ॲल्युमिनियमचा तुकडा नको. ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूचा, बनवणाऱ्याचं नाव कोरलेला घ्या. एकावर एक दोन स्पेसर कधीच नकोत.

५. बसवणं

तारेच्या ब्रशने हबचा पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासा. आपल्याकडची काळी माती वाळली की दगडासारखी चिकटते. तिचा पातळ थर आत राहिला तर नट आवळलेला वाटतो, आणि थर चुरला की सैल पडतो. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. नटाचा उतार स्पेसरच्या खाचेशी जुळतो का ते बघा. सपाट वॉशरचा नट उतरत्या खाचेत बसत नाही.

आवळताना समोरासमोरचे नट आलटून पालटून घ्या आणि शेवट टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) करा. आकडा गाडीच्या आणि स्पेसरच्या पुस्तकातला. पंक्चरवाल्याच्या नट आवळायच्या गनवर हे काम सोपवू नका.

६. पुन्हा आवळणं

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. स्पेसरला हबवर धरणारे नट चाकाच्या मागे झाकलेले असतात. ते सैल झाले तरी बाहेरून काही दिसत नाही, आणि बाहेरचे नट आवळून त्यांना काही होत नाही. म्हणून ५० ते १०० किलोमीटरनंतर चाक उतरवून आतले नट टॉर्क पान्याने तपासा, मग बाहेरचे. पुढे प्रत्येक सर्व्हिसला, आणि तोरणमाळचा सातपायरी घाट किंवा यावल-रावेरकडची चिखलवाट करून आल्यावरही.

स्टिअरिंगमध्ये नवी थरथर, चाकातून टक-टक, नटाभोवती गंजाची लाल रेघ, यातलं काहीही दिसलं की गाडी बाजूला घ्या. एक जरी स्टड तुटला तरी त्या चाकाचे सगळे स्टड बदला, आणि स्पेसर परत लावू नका.